‘पोहता येत नसलं तरी चालतं’ : मालवणच्या बोटीत चढण्याआधी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले शंभर ‘म्हणजे’ आणि ‘तर’ काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

नागपुरातून बोलतोय, आणि आजचा विषय आहे समुद्र. हसू नका. नकाशावर सरळ रेघ मारून बघा, आपल्याला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो. पण सुट्टी आली की आपण जातो कोकणात नाहीतर गोव्यात. नागपूर–मडगाव विशेष गाडी पकडायची, एक रात्र आणि जवळपास अख्खा पुढचा दिवस गाडीत काढायचा, कुडाळला उतरायचं आणि तिथून मालवण. एवढा प्रवास करून गेलेला माणूस बोटीत चढायच्या वेळी ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणत नाही. अडचण तिथूनच सुरू होते.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वर्ध्याचा आहे. त्याने विचारलं, “दादा, आम्ही सहा जण तारकर्लीला चाललो, कोणालाच पोहता येत नाही. रीलमध्ये म्हणतात पोहता येत नसलं तरी स्नॉर्कलिंग होते. खरं आहे का?”

उत्तर असं आहे की अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं खरं आणि कुठलं नाही, एवढ्यासाठीच हा भाग.

आधी आमची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही पाच जण गेलो होतो. मी, माझी आई, मामेभाऊ आणि मिहानच्या ऑफिसातले दोन मित्र. मला पोहता येतं, म्हणजे नागपुरातल्या तलावात वीस फेऱ्या मारता येतात. याचा मला फार अभिमान होता. बोट निघाली, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ एका ठिकाणी नांगर टाकला. सूचना साधारण दीड मिनिटात संपल्या. मास्क लावा, नळी तोंडात धरा, रिंगला पकडून राहा, खाली बघा. झालं. एक मित्र पाण्यात उतरला, पहिल्या दोन मिनिटांत मजेत होता. मग एक छोटी लाट नळीच्या तोंडावरून गेली आणि त्याच्या घशात खारं पाणी आलं. त्याने मास्क ओढून काढला, रिंग सोडली आणि जे पहिलं हाताला लागलं त्याला धरलं. ते मी होतो. त्याने दोन्ही हात माझ्या खांद्यावर टाकले आणि मी खाली गेलो. अंगात लाइफ जॅकेट असूनही तोंड पाण्याखाली. तलावातल्या वीस फेऱ्या तिथे काहीच कामाला आल्या नाहीत. गाईडने, वय असेल विसेक वर्षं, मागून येऊन त्याला सोडवला, रिंग त्याच्या छातीखाली सरकवली आणि म्हणाला, “दादा, काही नाय, पाय सोडा, वर बघा.” अर्ध्या मिनिटाचा प्रकार. मित्र पाच फूट आठ इंच, आणि पाणी तिथे दोन पुरुष खोल असेल.

पुढे गेस्ट हाऊसवर बसून मी विचार करत राहिलो की नेमकं काय बिघडलं. पोहता न येणं? नाही. जॅकेट होतं, तो बुडत नव्हताच. बिघडला तो श्वास. आणि याचं गणित करता येतं. मी इंजिनियर आहे, मला राहवत नाही.

आपण शांत बसलो असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सगळी फुफ्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत पोचत नाही. नाक, घसा, श्वासनलिका यांतच दीडशे मिली अडकून राहते. श्वास सोडला की तिथे वापरलेली हवा उरते आणि पुढच्या श्वासात तीच आधी आत जाते. आता तोंडात स्नॉर्कलची नळी आली. आतला व्यास दोन सेंटिमीटर, लांबी ३८ सेंटिमीटर धरा. आकारमान होतं सुमारे १२० मिली. म्हणजे आपला घसा १२० मिलीने लांब झाला. एकूण २७० मिली शिळी हवा.

आता तीन माणसं बघा. पहिला शांत आहे, ५०० मिलीचा श्वास घेतो. ५०० वजा २७०, ताजी हवा २३०. दुसरा मुद्दाम हळू आणि खोल श्वास घेतो, १००० मिलीचा. त्याला मिळते ७३०. श्वास दुप्पट, ताजी हवा तिपटीपेक्षा जास्त. तिसरा घाबरलाय. घाबरलेला माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो, समजा ३०० मिलीचा. ३०० वजा २७०, राहिले ३० मिली. छाती धावतेय, नळी उघडी आहे, हवा भरपूर आहे, आणि तरी गुदमरल्यासारखं होतंय. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू एकच हुकूम देतो, आणखी जोरात श्वास घे. तो आणखी भराभर घेतो आणि आणखी गुदमरतो. आमच्या भाषेत याला इन्फिनिट लूप म्हणतात, आणि बाहेरून कोणीतरी थांबवल्याशिवाय तो थांबत नाही.

म्हणून त्या वाक्यातलं खरं अर्धं हे, की तरंगायला पोहणं लागत नाही. जॅकेट तरंगवतं, आणि समुद्राचं पाणी खारट असल्याने तलावापेक्षा थोडं जास्तच उचलून धरतं. खोटं अर्धं हे, की त्यामुळे काहीच यायला नको. एक गोष्ट यावी लागते. तोंड पाण्यात, नाक बंद, आणि तोंडाने हळू श्वास. ज्याला पोहता येतं त्यालाही हे आपोआप येत नाही, कारण पोहताना आपण श्वास घ्यायला डोकं बाहेर काढतो. इथे उलटं आहे.

आणि ही गोष्ट नागपुरात बसून शिकता येते! मास्क आणि नळी ऑनलाइन मिळते, नाहीतर कोणाकडून मागून आणा. पहिले तीन दिवस मोठी बादली. तोंड आत घाला, नळी बाहेर, मोजून चार अंक आत, सहा अंक बाहेर. घरचे हसतील, हसू दे. मग तलावात उथळ बाजूला, पाय टेकतील तिथे. तिथे मुद्दाम नळीत पाणी जाऊ द्या आणि जोरात ‘फू!’ करून बाहेर काढा. हे ‘फू’ फार महत्त्वाचं. माझ्या मित्राला ते माहीत असतं तर घशाशी आलेलं पाणी एका झटक्यात वर उडालं असतं आणि तो पुढे मासे बघत राहिला असता. दहा वेळा केलं की हात मास्ककडे जायचा थांबतो.

इथे हमखास येणारा प्रश्न : नळी लांब असेल तर जास्त सुरक्षित नाही का, लाट आत येणार नाही? नाही. एक तर शिळी हवा वाढते. दुसरं, पाण्यात एक मीटर खाली गेलं की दाब वातावरणाच्या एक दशांशाने वाढतो, म्हणजे छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आणखी शंभर ग्रॅम. छातीचा भाग हजार चौरस सेंटिमीटर धरला तर शंभर किलो. तेवढं वजन छातीवर ठेवून नळीतून हवा ओढता येत नाही. सिनेमात बोरूची पोकळ काडी तोंडात धरून नदीच्या तळाशी लपलेला नायक दाखवतात ना, ते फक्त सिनेमात. पूर्ण चेहरा झाकणारे नवे मास्क दिसतात, दिसायला छान आहेत, पण आतली जागा मोठी आणि घाईत काढायला कठीण. मी तरी घालणार नाही.

बरं, हा झाला श्वास. आता बोट. माझ्या मते खरी काळजी इथे घ्यायची, आणि आपण नेमके इथेच निवांत असतो, कारण आपल्या डोक्यात ‘धोका पाण्यात आहे’ असं बसलेलं असतं.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. स्कूबा करताना नाही, परत येताना. आपल्या इथलं उदाहरण आठवत असेल. जुलै २०१७, नागपूरजवळचा वेणा जलाशय. बोटीवरून मोबाईलवर लाईव्ह चालू होतं, आणि ती बोट उलटली. बुडालेली सगळी तरुण पोरं. तिथे ना लाटा होत्या, ना प्रवाळ, ना शार्क. फक्त बोट, माणसं आणि पाणी.

छोटी बोट का उलटते? माणसं खाली, पसरून बसलेली असतात तेव्हा सगळ्यांचं मिळून वजन मध्यावर आणि खालच्या बाजूला असतं. बोट कलली तरी पाणी तिला परत सरळ करतं. माणसं उभी राहिली की वजनाचा मध्य वर चढतो. सगळी एका बाजूला गेली की तो बाजूला सरकतो. दोन्ही एकदम झालं की संपलं. आणि मालवणच्या समुद्रात हे दोन्ही एकदम करणारा एक शब्द आहे : “डॉल्फिन!” तिथे डॉल्फिन खरंच दिसतात, आणि ओरडल्याबरोबर वीसच्या वीस माणसं मोबाईल घेऊन एका कडेला जातात. आमच्या बोटीवर मी स्वतः गेलो होतो, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू.

परतीचा प्रवास जास्त अवघड का, याचंही कारण आहे. सगळे दमलेले, ओले, थंडी वाजत असते. पाण्यातलं काम झालं म्हणून जॅकेट काढलेली असतात. आणि वारा बदललेला असतो. शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? मी दोन मार्कांसाठी पाठ केले होते आणि विसरलो होतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि समुद्राकडून जमिनीकडे वारा सुरू होतो, तो खारा वारा. दुपार झाली की तो जोर धरतो आणि पाण्यावर छोट्या छोट्या तुटक लाटा उठतात. सकाळी आठला आरशासारखं असलेलं पाणी दोन वाजता तसं राहत नाही. म्हणून पहिली बॅच घ्या. नाश्ता नंतर. रात्री उशिरापर्यंत जागून अकराची बॅच मागणारे आपणच असतो.

आमच्या परतीचं सांगतो. किनारा दिसायला लागला तसं बोटीवरच्या मुलाने जॅकेट गोळा करायला सुरुवात केली. पुढची बॅच वाट बघत होती. सगळ्यांनी भराभर काढून दिली, मीसुद्धा. ढीग झाला बोटीच्या मध्यभागी. तो आईकडे आला. “काकू, जॅकेट द्या, पोचलोच आता.” आई म्हणाली, “बाळा, वाळूवर पाय ठेवला की देते.” तो हसला, म्हणाला काय घाई नाय. मी तिला हळूच म्हटलं, “आई, काऊन अशी करतेस, सगळ्यांनी दिलं ना.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “सगळ्यांनी दिलं म्हणून तर मी ठेवलं.” सिस्टिम डिझाइन शिकवतात आम्हाला, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर वगैरे. आई भूगोलाचीही नाही आणि इंजिनियरही नाही.

तर जॅकेट धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. आणि ते नीट बसलंय का हे बघायची सोपी पद्धत : सगळे बक्कल लावा, मग मित्राला सांगा खांद्याचे दोन पट्टे धरून जोरात वर ओढ. जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यातही येईल, आणि तुम्ही त्यातून खाली सरकाल. दुसरं मागा. मागायला लाजू नका. बोटीत बसलेली डोकी मोजा, जॅकेट मोजा. कमी असतील तर उतरा. पैसे गेले तर गेले. हे बोलायला सोपं आहे, मला माहीत आहे, पाच जणांचे पैसे भरलेले असताना तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून पैसे देण्याआधी विचारा. पाण्यात आमच्याबरोबर किती गाईड असतील? एका गाईडमागे किती जण? आम्ही पाण्यात असताना बोटीवर कोण राहणार? ज्यांचं काम चांगलं आहे त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही, उलट ते बरं वाटून जास्त सांगतात.

तिथले गाईड बहुतेक मच्छीमार घरांतले आहेत. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो प्रकल्प झाला, त्यात इथल्या तरुणांना स्नॉर्कलिंग आणि स्कूबाच्या गाईडचं प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाचं शिक्षण देणारी संस्थाही आहे. समुद्र वाचणं त्यांना लहानपणापासून येतं. सूचना दीड मिनिटात संपत असतील तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं काम आपलं.

आता थोडं मजेचं. कधी जायचं? मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पावसाळ्यामुळे किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात, तेव्हा कोणी ‘आमचं चालू आहे’ म्हणालं तर समजून जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. त्यातही तिथी बघा. हो, कालनिर्णय घेऊन बसा. कोकणातली जुनी रीत आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा भरती येते, साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पन्नासेक मिनिटं उशिरा, कारण चंद्रही रोज तेवढा उशिरा उगवतो. त्या उशिराचं ते ‘पाऊण’. मालवणला थोडं मागेपुढे होईल, अचूक वेळ तक्त्यात बघा, पण ट्रिप ठरवायला हे पुरतं.

आता भरती का हवी? भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येतं, ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर जातं. शिवाय भरती पूर्ण होते त्या सुमारास पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं असतं, ओढ कमी. सकाळी आठ-सव्वाआठला भरती हवी तर उलट गणित करा, अकरा येतात. एकादशी! उपास असेल तर दुपारी सुरमई खाता येणार नाही, एवढा एक तोटा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची ये-जा मोठी, ओढही मोठी. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सगळ्यात मवाळ.

पाण्याबद्दल अपेक्षाही नीट ठेवा. अंदमानचं काचेसारखं निळं पाणी बघून मालवणला गेलात तर निराश व्हाल. पश्चिम किनाऱ्यावर नद्या गाळ आणतात, तारकर्ली तर कर्ली नदीच्या मुखाशीच आहे, आणि पाण्यात सूक्ष्म जीव भरपूर. चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं. पण दिसतं ते खरं आहे. अंगावर काळे पट्टे असलेले पिवळसर मासे थव्याने येतात, प्रवाळ दिसतं. हा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यात येतो. किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. ते प्रवाळ दगडासारखं दिसतं पण जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बहुतेक अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तेव्हा त्याच्यावर उभं राहू नका, तुकडा आणू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ज्या यादीत आपल्या ताडोब्याचा वाघ आहे त्याच यादीत. वाघाची मिशी आठवण म्हणून कोणी आणतं का?

आणि ब्रेड. फोटोत मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात ब्रेड किंवा बिस्किट टाकतात. मासे येतात, पण जे मासे खडकावरचं शैवाल खाऊन साफ ठेवतात ते मैदा खायला लागतात. ‘आम्हाला ब्रेड नको’ म्हणून बघा. आम्ही म्हटलं, मासे तरीही आले, थोडे उशिरा.

बाकी पटकन. बीपी, हृदयाचा त्रास, दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आदल्या रात्रीची दारू सकाळच्या पाण्यात नको. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि नजर क्षितिजावर ठेवा, मोबाईलवर नको. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, पाठ आणि पोटऱ्या भाजतात आणि ते संध्याकाळी कळतं.

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो, चष्म्याचं काय? मास्कच्या आत चष्मा बसत नाही, काडीमुळे फट राहते आणि पाणी येतं. पाण्यातून मास्कच्या हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू सुमारे तेहतीस टक्के मोठ्या आणि जवळ दिसतात. नंबर कमी असेल तर चष्म्याशिवाय भागतं. जास्त असेल तर नंबरचे मास्क मिळतात, बुकिंग करताना विचारा. माझ्या आईचा नंबर उणे चार आहे आणि हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिने अर्धा तास पिवळे-काळे ठिपके हलताना बघितले. वर आल्यावर विचारलं, दिसलं का काही? म्हणाली, “दिसलं ना, पण पुढच्या वेळी चष्मेवाला मास्क सांगून ठेव.”

वर्ध्याच्या भाऊ, तुमची तारीख कळवा. तिथी मी काढून देतो.